चोवीस एप्रिलचा न पाहिलेला चंद्र

मी, स्मागुल, वडिलांचे नाव तुलेबाय, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, विषय गणित व खगोल, राहणार सारिबास्ताव, तालुका केगेन, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. छातीबद्दल तसे सांगता येत नाही. येत्या पंधरा एप्रिलला शहरातले डॉक्टर ती उघडून बघणार आहेत आणि माझ्या वयाच्या माणसाची छाती पुन्हा नीट मिटेलच अशी हमी त्यांनी दिलेली नाही. म्हणून माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाही.

कागद कसा करायचा ते ग्रामकार्यालयातल्या नागिमाने सांगितले. ही माझी जुनी विद्यार्थिनी; अपूर्णांकात कच्ची होती, बाकी सगळ्यात पक्की.

"मास्तर, दोन साक्षीदार लागतील. एक मी होते. पण ज्याला कागदातून काही मिळणार, त्याची साक्ष चालत नाही. ज्याला तुम्ही काहीच देणार नाही असा दुसरा माणूस शोधा."

"एकच कशाला, सगळं गाव आहे की."

ती हसली नाही. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, सही खरी आहे एवढेच त्याने सांगायचे असते, हेही तिने सांगितले. ते ऐकून मला बरे वाटले. का, ते पुढे कळेल.

कलम पहिले. राहते घर, मागचे अंगण, तबेला (रिकामा) आणि जर्दाळूची चार झाडे माझी मुलगी रौशन हिला द्यावीत. ती कारागांडाला प्रयोगशाळेत काम करते. मी तिकडे राहायला यावे म्हणून तिने सात वर्षे तगादा लावला. मी एकदा जाऊन पाहिले. नववा मजला, गच्चीला कुलूप. चावी मागून वर गेलो तर शहराच्या उजेडात शुक्र सोडून काही दिसेना.

"बाबा, एवढ्याशा ठिपक्यांसाठी तुम्ही तिथं एकटे मरणार का?"

मी म्हणालो, ठिपके नाहीत ते. पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. रौशन, घर विकायचे असेल तर खुशाल वीक. फक्त जो घेईल त्याला सांग की मागच्या अंगणातला सिमेंटचा चौथरा फोडू नये. तो उत्तर-दक्षिण अगदी सरळ बसवलेला आहे. त्यावर मी तीन उन्हाळे घालवले आणि तुझी आई झाउरे त्या तीन उन्हाळ्यांत माझ्याशी भांडून भांडून दमली. ती गेल्याला आठ वर्षे झाली. आता त्या चौथऱ्यावर कपडे वाळत घालू नका म्हणून कोणावर ओरडायची सोय राहिली नाही.

कलम दुसरे. समोरचा झाकिप. याने सहा वर्षांपूर्वी आपल्या अंगणात खांब रोवून त्यावर एवढा मोठा दिवा लावला की माझ्या पूर्वेकडचे अर्धे आकाश धुऊन निघाले. मी सांगायला गेलो तर चहा पाजला, लोणी-पाव पुढे केला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे तारे कुठं पळून जाणार आहेत? माझी मेंढरं मात्र लांडगा पळवतो." यावर मला उत्तर सुचले नव्हते. आता सुचले आहे. तबेल्यात दाराच्या मागे पत्र्याची एक टोपी आहे. ती मी त्याच्या दिव्याच्या मापाने स्वतः कापून, ठोकून तयार केली आहे. ती बसवली की उजेड खाली मेंढरांवर पडतो आणि वर जात नाही. ही टोपी मी झाकिपला देतो. जिवंतपणी दिली असती तर त्याने उपकार मानले असते, आणि मला तेवढी संधी त्याला द्यायची नव्हती. शिडी त्याचीच वापरावी.

कलम तिसरे. शाळेला: भिंतीवरचा आकाशाचा नकाशा, लहान दुर्बीण (डावे भिंग थोडे चिरलेले), घडीची सहा स्टुले, मोठा थर्मास आणि लाल फडके बांधलेला हातदिवा. खगोल हा विषय शाळेतून गेला, पण आकाश काही गेलेले नाही. नवशिक्यांसाठी थोडे लिहून ठेवतो. कोणासाठी ते ठाऊक नाही. जो येईल त्याने वाचावे.

बाहेर आल्यावर अर्धा तास काही पाहू नये. डोळे अंधाराला सरावू द्यावेत. या अर्ध्या तासात फोन काढणाऱ्याला घरी पाठवावे. हिवाळ्यात दक्षिणेला तीन रानमेंढ्या, म्हणजे मृगातले तीन तारे, एका रांगेत दिसतात, तिथून सुरुवात करावी, कारण त्या लहान मुलालाही सापडतात. डिसेंबरच्या मध्यावर उल्का पडतात त्या संथ आणि पिवळसर असतात, पण थंडी अशी असते की पापण्या चिकटतात. दोन लोकरी मोजे घालावेत आणि वोडका पिऊ नये. ऊब आल्यासारखी वाटते, ती खोटी असते. वसंतात सात दरोडेखोर, म्हणजे सप्तर्षी, डोक्यावर येतात. ते लोखंडी खुंट्याला, म्हणजे ध्रुवाला, बांधलेले दोन घोडे चोरायला जन्मभर फिरतात आणि त्यांना ते सापडत नाहीत. ध्रुव शोधायचा तर त्यांच्याच मागे जावे. मे महिन्याच्या मध्यावर कृत्तिका सूर्याच्या उजेडात बुडतात. आपले म्हातारे म्हणायचे, जमिनीत उतरल्या. चाळीस दिवस त्यांना शोधू नये, सापडत नाहीत. ऑगस्टच्या बारा तारखेला चटई घालून उताणे पडावे, दुर्बीण नको. पाखरांची वाट, म्हणजे आकाशगंगा, डोक्यावरून जाते आणि तिच्या बाजूने उल्का सुटतात.

२००३ च्या ऑगस्टात नऊ मुले आली होती. गेल्या ऑगस्टात मी सहा स्टुले मांडली, थर्मास भरून दुधाचा खारट चहा केला आणि वाटेकडे बघत बसलो. कोणी आले नाही. साठ उल्का मोजल्या. चहा सगळा मीच प्यायलो.

कलम चौथे. माझा मेंढीच्या कातड्याचा लांब कोट नागिमाला द्यायचा होता, तिचे कार्यालय फार थंड असते. पण मग तिची साक्ष चालणार नाही. म्हणून तो रौशनला देतो आणि रौशनने तो नागिमाला द्यावा. यात कायद्याला काही बोलायला जागा नसावी.

कलम पाचवे. आता वडिलांची काठी आणि माझ्या वह्या.

माझे वडील तुलेबाय हे या खोऱ्यातले मोजणारे होते. चंद्र दर महिन्याला एकदा कृत्तिकांपाशी येतो. त्या भेटीच्या वेळी चंद्र किती दिवसांचा आहे, यावरून ते वर्ष मोजत. हिवाळ्यात भेट होते तेव्हा चंद्र मोठा असतो, मग दर भेटीला लहान होत जातो. पाच दिवसांच्या चंद्राची भेट झाली की मेंढ्या विणार. तीन दिवसांच्या चंद्राची भेट झाली की कळप खिंडीपलीकडच्या कुरणात न्यायचे. ही भेट संध्याकाळी पश्चिमेला, डोंगराच्या वर, तासभर दिसते. वडील टोपी काढून उभे राहत, पाहत आणि काठीवर एक खाच घेत. ढग असले तर खाच नाही, कोळशाचा ठिपका. मेंढपाळ विचारायला आले की म्हणत, "ढग होते. थांबा." पुढच्या भेटीपर्यंत म्हणजे सत्तावीस दिवस थांबा. गवत संपले असले तरी थांबा. लोक चिडत, शिव्या देत आणि थांबत.

मी शहरातून शिकून आलो होतो. माझ्याकडे छापलेली कोष्टके होती. एकदा वडिलांना म्हणालो, "आता, ही भेट शंभर वर्षांनी कुठल्या दिवशी होणार ते मी इथं बसून सांगतो. ढग असले तरी ती होतेच. तुम्ही लोकांना उगाच अडवता."

ते काठी तासत होते. म्हणाले, "होत असेल रे. पण तू पाहिली का?"

मला ते म्हाताऱ्याचे हट्टी बोलणे वाटले. ही काठी, आणि १९९२ पासून २०१९ पर्यंतच्या माझ्या अठ्ठावीस वह्या, कलम सातव्यात लिहिलेल्या माणसाला द्याव्यात. त्याआधी कलम सहावे वाचावे लागेल.

कलम सहावे. वडील १९९२ च्या शरदात गेले. त्याच हिवाळ्यात सरकारी शेत मोडले आणि मेंढ्या घरोघर वाटल्या गेल्या. गवत मात्र वाटून घेण्याइतके नव्हतेच. माझे थोरले बंधू ओरिनबाय यांच्या वाट्याला दीडशे मेंढ्या आल्या. एप्रिल उजाडेपर्यंत त्या एकमेकींची लोकर चावायला लागल्या होत्या. तुलेबायचा मुलगा आणि वर मास्तर, म्हणून मोजायचे काम माझ्याकडे आले. मला त्याचा अभिमान वाटत होता.

२४ एप्रिल १९९३, शनिवार. तीन दिवसांच्या चंद्राची भेट. मी दुर्बीण चौथऱ्यावर लावली. सूर्य बुडण्याआधीच पश्चिमेला ढग चढले आणि अंधार पडला तेव्हा आकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद झालेले होते. मी दीड तास उभा होतो. काहीही दिसले नाही. मग आत जाऊन कोष्टक पाहिले. भेट होती, तीच संध्याकाळ, माझा हिशेब अचूक होता. मी वहीत लिहिले: "पाहिले."

सकाळी दादा आला. दारातच उभा राहिला, बूटही काढले नाहीत.

"पाहिलंस का?"

"पाहिलं."

"नक्की?"

"दादा, मी मास्तर आहे."

तो गेला. दुपारी कळप हलले. चौथ्या दिवशी खिंडीपलीकडे बर्फाचे वादळ आले, दोन दिवस थांबले नाही. दादाची बायको, माझी कुल्याश वहिनी, नवी कोकरे आत आणायला तंबूबाहेर गेली. ती तिसऱ्या दिवशी सापडली. तिच्या कोटात दोन कोकरे होती आणि त्यातले एक जिवंत होते.

माझी चूक काय होती ते मला फार उशिरा कळले. कोष्टक खोटे नव्हते. चंद्र आणि कृत्तिका ढगांच्या वर ठरल्या वेळी भेटलेच. पण वडील भेट मोजत नव्हते. ते त्या संध्याकाळचे आकाश पाहत होते. ज्या वर्षी तीन दिवसांच्या चंद्रापुढे ढग उभे राहतात, त्या वर्षी डोंगरातला हिवाळा सरलेला नसतो, एवढेच त्यांना सांगायचे असायचे, आणि त्यांच्याकडे ते सांगायची हीच एक रीत होती. मी रीत पुस्तकात घातली आणि पाहणे सोडून दिले.

त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोललेला नाही. गावाला वाटते, सल्ला चुकला म्हणून. त्यालाही तेच वाटत असणार. सल्ला कोणाचाही चुकतो. मी खोटे बोललो, हे त्याला मी सांगितलेले नाही. सव्वीस वर्षे झाली. तो पाटापलीकडे चौथ्या घरात राहतो. इथून त्याचे धुराडे दिसते. झाउरे गेली तेव्हा तो आला, तिला खांदा दिला, तीन मुठी माती टाकली, जेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. ईदला गाव एकमेकांच्या घरी जाते. मी दर वर्षी मांस शिजवून, वडीलधाऱ्याच्या मानाचे मेंढीचे डोके वेगळे ठेवून, दुपारपर्यंत थोरल्या भावाची वाट बघतो. मग डोके झाकिपच्या घरी पाठवतो.

१९९७ च्या मार्चात तो मोठा धूमकेतू आला होता. संध्याकाळी अंगणात उभा राहिलो तर पाटापलीकडे दादाही आपल्या अंगणात, मान वर करून उभा. मला वाटले, आता हाक मारावी आणि सगळे सांगून टाकावे. एवढा धूमकेतू जन्मात एकदा दिसतो. मी "दा" एवढे म्हणालोही असेन. तो आत गेला आणि दार लावले. मी त्या रात्री धूमकेतूबद्दल वहीत काही लिहिले नाही.

हे कलम माझ्या मृत्यूनंतर नागिमाने माझ्या बंधूंना वाचून दाखवावे. तिला हे तोंडी सांगितले तेव्हा ती पेन टेबलावर आपटून म्हणाली, "मेल्यावर? आणि ते जे बोलतील ते कोण ऐकणार, मी? मास्तर, पाट ओलांडायला किती पावलं लागतात?"

एकशे चाळीस. मी मोजलेली आहेत. पण मला जमत नाही. मी भित्रा माणूस आहे, हे मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो.

कलम सातवे. मोठी दुर्बीण, तिच्या पिशवीसह, माझे थोरले बंधू ओरिनबाय यांना द्यावी. आरसा मी स्वतः जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेतून घासला, सात महिने लागले. पण तिला खरी किंमत पिशवीमुळे आहे. ती दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची पिशवी कुल्याश वहिनीने शिवली. आमच्या घरात दुर्बिणीला डोळा लावायला स्वतःहून येणारी तीच एक. शनी दाखवला तेव्हा म्हणाली, "अय्या, हे तर टोपी घातलेलं कुर्त!" वाळवलेल्या दह्याचा गोळा तिला जिथे तिथे दिसायचा. चंद्र पाहून म्हणाली, "एवढे खड्डे? तुमच्या दादाला सांगते, इथला रस्ता आपल्यासारख्यांनीच बांधलाय." ती हसायची तेव्हा दुर्बीण हलायची आणि मी रागवायचो. मी रागवायला नको होते.

काठी आणि वह्याही त्यांनाच. वह्यांपैकी १९९३ ची वेगळी बांधलेली आहे. ते पान मी फाडले नाही आणि दुरुस्तही केले नाही. दादाने घ्याव्यात किंवा जाळाव्यात, हक्क त्यांचा.

कलम आठवे. माझ्या कबरीवर पत्र्याची चंद्रकोर बसवू नये. न पाहिलेला चंद्र एकदा पुरे झाला. जवळपास दिवा लावू नये. चाळिसाव्या दिवशी गाव जेवू घालावे, झाकिपला चांगला तुकडा द्यावा.

येत्या आठ एप्रिलला, सोमवारी, तीन दिवसांच्या चंद्राची भेट आहे. शेजारी मंगळही असेल. हे कोष्टक सांगते. मी चौथऱ्यावर असेन आणि जे दिसेल तेच लिहीन. ऑपरेशन मी त्यासाठीच आठवडाभर पुढे ढकलून घेतले आहे. आकाश पाहायला दोन माणसे लागत नाहीत, एक पुरतो, असे मी मुलांना नेहमी सांगत आलो. माझ्या आयुष्यातली ती दुसरी खोटी गोष्ट.

वर लिहिलेले सर्व माझेच आहे, खाडाखोड नाही, आणि याआधी मी असा दुसरा कागद केलेला नाही.

ठिकाण सारिबास्ताव. शनिवार, तीस मार्च दोन हजार एकोणीस, दुपार.

सही: स्मागुल तुलेबायउली

पहिली साक्षीदार: नागिमा, लिपिक, ग्रामकार्यालय. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. दुसरा साक्षीदार शोधायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले होते. गावात कोण लायक आहे ते मी ठरवले. मास्तर यासाठी माझ्यावर रागावणार आहेत, रागावू देत.

दुसरा साक्षीदार, स्वतःच्या हाताने:

मी ओरिनबाय, वय शहात्तर. दुर्बीण नको, काठी नको, वह्या नकोत. या कागदातून मला काही मिळत नाही, म्हणून माझी साक्ष चालते, असे नागिमा म्हणते. न वाचता सही केली तरी चालेल असेही म्हणाली. न पाहता लिहायची सवय आमच्या घरात एकालाच आहे. मी सगळे वाचले.

स्मागुल, त्या संध्याकाळी मी बाहेर मेंढ्या मोजत होतो. मलाही डोळे आहेत. आपण एकाच आकाशाखाली राहतो. ढग होते. तुला चंद्र दिसला नव्हता हे सकाळी दारात उभा असतानाच मला ठाऊक होते. गवत संपले होते, मला जायचे होते, आणि तू "पाहिलं" म्हणावंस म्हणूनच मी आलो होतो. कुल्याशने विचारले, "काल ढग होते ना हो?" मी तिला म्हणालो, मास्तरने पाहिलंय.

तुझ्याशी बोललो असतो तर हे बोलावे लागले असते.

आठ तारखेला येतो. डोके झाकिपकडे पाठवू नकोस. चंद्र दिसला तर चंद्र लिहू, ढग असले तर ढग लिहू, दोघांच्या सहीने.

सही: ओरिनबाय तुलेबायउली